शेंड्याची रिंग

२ डिसेंबर

झाली एकदाची कबूल! म्हणजे अर्धवटच. आई म्हणाली, "माझं झाड होऊ दे, मग जाते तुमच्या त्या वृद्धाश्रमात." तुमच्या म्हणे! जसा काही दादाने आणि मी मिळूनच बांधलाय.

झाड म्हणजे तिचं दरवर्षीचं लेसचं ख्रिसमस ट्री. हिरव्या दोऱ्याच्या गाठी मारत रिंगा-रिंगांनी विणलेलं, टॅटिंगचं, वीतभर उंच. प्रत्येक फांदीच्या टोकाला लाल मणी, शेंड्याच्या रिंगमध्ये एकच पिवळा. साखरेच्या पाण्यात बुडवून कडक करते आणि नाताळात खिडकीत टांगते. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवलेलं, ते आजतागायत. निवांत केलं तर आठ दिवसांचं काम. म्हटलं, कर. खोली वीस तारखेपर्यंत राखून ठेवतो म्हणालेत.

दादाला फोन केला. "गोडीगुलाबीने घेतलं की ऐकते ती," म्हणे. दोन दिवसांच्या प्रवासावर बसून गोडीगुलाबी सांगायला याचं काय जातंय!

४ डिसेंबर

पाय सुजलेत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी — काचा घासा, फ्रेमी वाकवा, गिऱ्हाइकांकडे बघून हसा. घरी आलं की आईची आंघोळ, गोळ्या, स्वयंपाक, धुणं. ऑक्टोबरात ती बाथरूममध्ये पडली आणि मी येईपर्यंत दोन तास थंड फरशीवर पडून होती. तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की हातातली फ्रेम टाकून धावते.

मला झेपत नाही. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. झेपत नाही.

७ डिसेंबर

काल बुंधा आणि खालच्या दोन रांगा झाल्या होत्या. आज येऊन बघते तर नुसता बुंधा!

"गाठ उलटी बसली गं. रिंग मिटेना. कापावी लागली."

टॅटिंगचं हेच दुखणं. गाठी दोऱ्यावर सरकत्या राहिल्या तर ओढल्यावर रिंग झटकन मिटते. एक जरी गाठ उलटी बसली तरी सगळं जागच्या जागी अडतं. उसवायची तर सोयच नाही, कात्रीच घ्यावी लागते. बोटं वळेनाशी झालीत का तिची? विचारलं नाही.

९ डिसेंबर

आज म्हणे मणी ओवायला विसरली! दोरा शटलवर, त्या चिमुकल्या धोट्यावर, गुंडाळायच्या आधी मणी ओवून घ्यावे लागतात, मागाहून घालता येत नाहीत. हे तिनेच मला लहानपणी शंभरदा बजावलंय. पुन्हा कात्री. पुन्हा बुंधा.

विसरायला लागली की काय? तेवढंच बाकी होतं.

११ डिसेंबर

"दिसत नाही गं मला नीट." बरं. आज माझी सुट्टी, तरी तिला घेऊन दुकानात गेले. नंबर मीच तपासला. सगळ्यात खालची बारीक ओळ धडाधडा वाचली, वर "पाटी जरा पुसत जा, धूळ बसलीय" असंही ऐकवलं. मालक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

१३ डिसेंबर

दादा म्हणतो, "विकतचं आणून टांग ना एखादं." फोन ठेवून दिला.

१४ डिसेंबर

ब्लाउजला हूक हवा होता म्हणून आईचा शिवणाचा डबा उघडला. तळाशी, रिळांच्या खाली, हिरवे तुकडे. अकरा. एकेक तुकडा खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. सगळ्या रिंगा घट्ट मिटलेल्या. गाठीला गाठ लागून, एकसारखी. "विसरले" म्हणाली त्या रांगेतसुद्धा मणी! जिथल्या तिथे, लालभडक.

एकही गाठ चुकली नव्हती. चांगली झालेली रांग ती रोज स्वतःच्या हाताने कापत होती.

डोकंच फिरलं माझं. डबा तिच्या पुढ्यात आदळला. "मला काय खुळी समजतेस?" ती तुकडे वेचून परत डब्यात ठेवायला लागली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "एवढी घाई झालीय तुला?"

म्हटलं, हो. झालीय. दमलेय मी, आई.

बोलून गेले.

१५ डिसेंबर

दोन घास खाल्ले तिने. मीही तेवढेच.

१६ डिसेंबर

संध्याकाळी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. झाड तयार! सगळंच्या सगळं, एका दिवसात. फळीवर टाचण्यांनी ताणून बसवलेलं, साखरेचं पाणी वाळून कडक झालेलं, शेंड्याला पिवळा मणी. इतकं सुरेख झाड तिनेही कधी केलं नव्हतं.

शेजारी तिची बॅग, भरलेली. स्वेटर घालून, पायात चपला चढवून खुर्चीत बसली होती. कधीपासून, कोण जाणे.

"झालं. कर तुझ्या आश्रमाला फोन."

सुटले, असं वाटायला हवं होतं. गेला महिनाभर याचीच वाट बघत होते ना? आत कुठेतरी भसकन रिकामं झालं. "उद्या करते," म्हटलं आणि आधी तिच्या चपला काढल्या. पाय गार पडले होते तिचे.

गोळ्यांची पुडी बघायला बॅग उघडली. साड्या, टॉवेल, चष्म्याचं घर, बाबांचा फोटो. शटल कुठे दिसेना. ते माझ्या उशीवर ठेवलेलं होतं, पिवळ्या मण्यांच्या डबीसकट. लाकडी, तिच्या बोटांनी झिजून मधे खळगा पडलेलं. विचारलं तर म्हणाली, "तिकडे मी कुणासाठी करू?"

१७ डिसेंबर

मालकांकडे अर्ध्या दिवसाची नोकरी मागितली. "बघू," म्हणाले. दुपारी स्वतःच येऊन, "बरं, एकपर्यंत थांबत जा." आश्रमात फोन करून खोली सोडली. दादा रागावणार. रागावू दे.

घरी आले. कात्री घेतली, शेंड्याची रिंग कापली आणि झाड आईच्या हातात दिलं. "गाठ उलटी बसलीय बघ. पुन्हा करावी लागेल."

तिने चष्मा लावला. बराच वेळ झाड निरखलं. मग मला.

"कापताही येत नाही धड, ढब्बू! आण ते शटल."