चौदा नंबरच्या डुकरिणीसाठी तिसरा आग्रह

मिनेसोटा, सोमवार

आदरणीय आर्नेमामा यांस सिगर्डचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचं चर्चच्या गायनमंडळाशी चाललेलं भांडण, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे.

ताजी बातमी अशी की आमच्या प्रयोगशाळेतल्या चौदा नंबरच्या डुकरिणीचं हृदय येत्या शुक्रवारी पुन्हा बंद पाडायचं आहे, आणि या खेपेला ते चालू करायचं नाही. खुद्द आमचे मुख्य डॉक्टर व्हिटकॉम्ब यांनीच सांगितलं, म्हणजे पक्कं.

हृदयं बंद पाडणं हा आमचा रोजचाच धंदा. (मामी शेजाऱ्यांना सांगतात की मी विजेचं काम करतो. तेही खोटं नाही.) डुकराला भूल द्यायची, विजेने हृदयाची लय बिघडवायची, ते नुसतं थरथरू लागलं की मोठा झटका देऊन ताळ्यावर आणायचं, आणि कुठल्या भुलीत केवढा झटका लागला ते बघायचं. चौदा नंबरला टोचायच्या भुलीत हलका झटका पुरला, वायूच्या भुलीत जबरदस्त लागला. सगळे खूश. पुन्हा करून पाहिलं तर नेमकं उलटं! एक डॉक्टर म्हणतात भुलीचा गुण, दुसरे म्हणतात झटका द्यायच्या छातीवरच्या पट्ट्या सरकल्या. शिवाय मधल्या काळात ऑफिसातल्या टॉलेफसनबाईंच्या डोनटांवर डुकरीण चांगली गरगरीत झालेली (जाड अंगाला झटका जास्त लागतो म्हणे). मला विचारलं, "सिगर्ड, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "यंदा थंडी फार आहे." याहून जास्त मला खरंच कळलेलं नाही.

शेवटी व्हिटकॉम्ब (माणूस बॉस्टनचा) वैतागून म्हणाले, "या डुकरीणबाईचे आकडे बाद! तुझ्या मामाचं शेत आहे ना? नेतोस का हिला?" आता पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं? आपल्याकडे मिनेसोटात कॉफीसुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेतात. मी म्हटलं, "छे छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास." "नक्की?" "अहो नक्की. राहू द्या." आणि कोट चढवून तिसऱ्याची वाट बघत उभा राहिलो. ते "बरं" म्हणाले आणि वळून त्यांनी फळ्यावर शुक्रवार लिहिला! या माणसाला आईने काही शिकवलंय की नाही?

असो. इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.

आपला,
सिगर्ड

ता. क. गुरुवारी सकाळी ट्रक घेऊन या. डुकरीण नेता का, असं टॉलेफसनबाई डॉक्टरांना तुम्हाला विचारायला लावणार आहेत. पहिल्याच फटक्याला हो म्हणा. जड जाईल, जाणतो. मामींना आणू नका, त्या चारदा नाही म्हणतात.

आणखी ता. क. घोटाळा झाला. बाईंनी डॉक्टरांना आपली रीत समजावून सांगितली. आता ते म्हणतात, पहिला 'हो' हा नुसता भिडेचा असणार, तो धरायचा नाही. म्हणजे गुरुवारी ते तुम्हाला किती वेळा विचारतील आणि कितवं उत्तर खरं मानतील, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही बोलूच नका. ट्रकची फळी तेवढी खाली टाका. चढायला तिला आग्रह लागत नाही.