टाकी गेली की वॉशर?

तीर्थरूप मामांना,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळून केला असता तर पाठीत धपाटा बसला असता, तो पोचला असं समजतो.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा? दुकानाचं शटर अजून अर्ध्यात अडकतं का? त्याला तेल घालतो म्हणालो होतो आणि तेवढ्यात घर सोडलं. मी मजेत आहे. गोदामातली नोकरी उत्तम चालली आहे, मुकादम माझ्यावर खूश आहे, आईला तसं सांगा.

पत्राला कारण गीझर. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात शिकायला येऊन मी तिसऱ्या महिन्यात पळालो त्या दिवशी तुम्ही आईला म्हणाला होता, "ताई, याचा एखादा भाग बिघडला असता तर बदलला असता. याची टाकीच गेली आहे." मी दाराआड चपला शोधत होतो, सगळं ऐकलं. तुम्ही मिक्सर उघडून बसला होता, मानसुद्धा वर केली नव्हती. राग नाही, पण लक्षात राहिलं.

तर इथे मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या काकू शिवणकाम करतात. सकाळी गरम पाण्यात बोटं शेकल्याशिवाय त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांचा गीझर खालून गळायला लागला. कोपऱ्यावरचा प्लंबर आला, बाथरूमच्या दारातूनच वर बघितलं आणि म्हणाला, "टाकी गेली. नवीन घ्या." मामा, तेच शब्द, आणि तसेच, हात न लावता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, काकू, थांबा, माझे मामा या धंद्यात तीस वर्षं आहेत (हे खरं आहे) आणि मी त्यांच्या हाताखाली तयार झालोय (याबद्दल खाली). काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बघ बाबा. सोमवारपर्यंत थांबते, मग त्यालाच बोलावते."

शनिवारी मेन स्विच बंद केला (ते तुम्ही पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं, कान अजून गरम आहे), पाण्याचा कॉक बंद केला, कव्हर काढलं, कॉइलचे नट सैल केले आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. पाणी आधी सोडून द्यायचं असतं हे तुम्ही बहुतेक चौथ्या महिन्यात शिकवणार होता. काकू बाहेरून ओरडल्या, "थांबली का रे गळती?" मी म्हटलं, हो, आता आत काही शिल्लकच नाही. कॉइलवर चुन्यासारखा जाड थर होता तो खरवडला, तिच्या तोंडाशी बसतं ते रबरी गॅस्केट नवीन घातलं, सगळं परत बसवलं, एक स्क्रू उरला. (उरतोच.) पाणी झकास तापलं, पण रविवारी सकाळी खालच्या बादलीत पुन्हा टप टप.

खरं सांगतो, त्या क्षणी मला एका मित्राला भेटायचं आठवलं, दुसऱ्या शहरात एक बरी नोकरी आहे असंही आठवलं. बॅगेकडे दोनदा बघून झालं. काकू बाहेर मशीनसमोर नुसत्याच बोटं चोळत बसल्या होत्या. मग तुमचं ते आठवलं, जे मला दर वेळी रिकामा उद्योग वाटायचं: सगळं फडक्याने कोरडं करायचं, प्रत्येक जोडाला कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि कुठला आधी भिजतो ते बघत बसायचं. मी बादली उपडी घातली आणि दीड तास बसलो. मी! जो न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या डोक्यानिशी उठून जातो! शेवटी चार कागदांपैकी गार पाण्याच्या पाइपच्या जोडावरचा कागद हळूच काळा पडला. पाणी तिथून निघायचं, पत्र्यावरून ओघळत टाकीच्या बुडाशी यायचं आणि तिथे टपकायचं. दिसायला टाकी, बिघाड वॉशरचा. करंगळीच्या नखाएवढी चीर. नवा वॉशर घातला. आज सतरा दिवस झाले, बादली कोरडी आहे, आणि काकूंनी माझ्या शर्टाची तुटलेली दोन्ही बटणं न सांगता लावून दिली आहेत.

हात दुखला, एवढं मी शाळेतही लिहिलं नव्हतं. मामींना नमस्कार.

तुमचा
भाचा (एकुलता, त्यामुळे बदलून मिळणार नाही)

ता. क. गोदामातली नोकरी मी मंगळवारी सोडली. ही सहावी. पण या वेळी कुठे जायचं ते ठरवून सोडली. चौथ्या महिन्यापासून पुढचं शिकवाल का? शटरचं तेल मी घेऊन येतो. आणि आईला माझ्याबद्दल जे बोललात, ते एकदा फडकं मारून, कागद लावून बघा. घाई नाही.

ता. क. २. काल शेजारणीचा गीझर बघितला. चारही कागद कोरडे राहिले आणि बुडातूनच गंजाचं लाल पाणी आलं. टाकी गेली, नवीन घ्या, असं सांगून आलो. पण दारातून नाही, दीड तास बसून.

ता. क. ३. तो उरलेला स्क्रू पाकिटात घातला आहे. कुठे बसतो ते मला काही सापडलं नाही. तुम्ही हातात घेतल्याबरोबर ओळखाल.