रिनाच्या साखरपुड्याचा खाऊ

नासरेथ,
३ फेब्रुवारी १९६४

सौ. फ्लोरास,
दयाचा सप्रेम सलाम वि. वि.

पोहोचले गं बाई एकदाची! मिशनने महिनाभरासाठी मला इथल्या शाळेत धाडलं आहे, मुलांना गाणी आणि शास्त्रातल्या गोष्टी शिकवायला. जन्मभर ज्या गावाचं नाव प्रार्थनेत घेतलं, तिथे उतरले तर समोर गाढव आडवं आणि मागून मोटारीचा भोंगा. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही सवड मिळाली नाही.

मुलं अरब, ख्रिस्ती घरांतली. त्यांना माझं मराठी येत नाही, मला त्यांचं अरबी येत नाही. मुख्याध्यापिका एलिझाबेथबाई इंग्रजीतून मधे पूल बांधतात. पण आमच्या बाबांची कीर्तनं तू पुण्याच्या होस्टेलात असताना ऐकली आहेस ना? तीच झांज घेऊन आले आहे. काल एलिया नबीचं आख्यान लावलं आणि कावळे त्याला भाकरी कशी आणून देत ते हात फडफडवून दाखवलं. आज सकाळी बघते तर अख्खा वर्ग पंख हलवत दारातून आत, आणि प्रत्येकाच्या हातात माझ्यासाठी घरचा पावाचा तुकडा! अशी पोरं मी नगरलाही पाहिली नाहीत.

आता तुझ्याकडे बसने कसं यायचं ते लिही. दोन वर्षं एका खोलीत काढली आपण. त्यानंतर इतकी वर्षं नुसती पत्रंच. बारूखरावांना आणि लेकीला सलाम. तुझा लोभ मुरलेल्या लोणच्यासारखा आहे हे ठाऊक आहे. तरी बरणी हलवून ठेव.

तुझी,
दया

डिमोना,
६ फेब्रुवारी १९६४

ती. दयाताईस,
फ्लोराचे शालोम व सा. न. वि. वि.

अगो, तुझं अक्षर पाहिलं आणि फॅक्टरीतून आल्या पावली उभ्याने पत्र वाचलं. बारूख खाणीच्या कारखान्यातून आले तर चहासुद्धा टाकलेला नव्हता. त्या कावळ्यांचं वाचून दोघं इतके हसलो! बारूख म्हणाले, दयाताई जिथे जाईल तिथे शाळा भरवील.

बातमी अशी की आमच्या रिनाचा साखरपुडा मंगळवारी, ११ तारखेला आहे. मुलगा अहरोन, आमच्याच शिकूनमधला, म्हणजे या सरकारी चाळींतला. घरचे मोरोक्कोहून आलेले ज्यू. पोरगा सोन्यासारखा आहे. रिना माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देते, पण त्याचं नाव निघालं की कुठल्याच भाषेत उत्तर नाही, नुसती लाजते.

आता जे लिहिते त्याने रागावू नकोस. अहरोनची आई ब्राखाबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या मनात किंतु आहे. हिंदुस्थानातून आलेले आम्ही खरे ज्यू की कसे, हा इथे पुष्कळांचा प्रश्न. आजी-पणजीपर्यंत चौकशी झाली, धर्मगुरूंच्या कचेरीचा कागदही मिळाला, तरी त्या अजून माझ्याकडे जरा तिरक्याच बघतात. अशात मिशनची बाई माझ्या घरी उतरली म्हणजे झालंच! मिशनवाले मुलांना बाटवतात म्हणून इथे लोक फार चिडलेले आहेत. म्हणून दयाताई, काळजावर दगड ठेवून सांगते, तू येऊ नकोस. लग्न पार पडू दे. लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते आहे.

आहे तितक्याच मायेने मला धर.

तुझी धाकटी,
फ्लोरा

नासरेथ,
९ फेब्रुवारी १९६४

सौ. फ्लोरास सप्रेम सलाम वि. वि.

रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिवसभर तोंड फुगवून होते. संध्याकाळी सलमा नावाच्या माझ्या विद्यार्थिनीने येऊन माझे गाल दोन्ही बाजूंनी दाबले आणि हवा काढली. मग राग कुठला राहतो! तू आई आहेस, तुला लेकीचं बघायलाच हवं.

शुक्रवारी मुलांना घेऊन गालीलच्या सरोवरावर गेलो. डोंगर हिरवेगार, बदामाची झाडं फुललेली. तिथेच मी येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट सांगितली. एक पोरगा म्हणाला, माझा मामा इथेच मासे धरतो, वादळ आलं की तो शिव्या देतो. मी हसले आणि त्यालाच नावाडी केलं. काय पाठ केलंय गं त्यांनी माझं आख्यान! मराठी शब्द न् शब्द, झांजेच्या ठेक्यावर. बुधवारी १९ तारखेला पाहुण्यांसमोर कार्यक्रम आहे.

मी नाही आले तरी रिनाच्या साखरपुड्याला माझा खाऊ यायलाच हवा. शंकरपाळे केले आहेत. तुझे नियम विसरले नाही: नवी कढई, तुमच्या दुकानातलं तेल, मटणाच्या जेवणावर चालावं म्हणून तूप-दुधाचा थेंब नाही. शेजारी वाटायला म्हणून आपल्या पद्धतीने पुड्या बांधल्या. कपाटात जुन्या छापील कागदांचा गठ्ठा धूळ खात पडला होता, तो कामी आला. मुलांना दोऱ्याची गाठ मारायला शिकवली तर त्यांनी पुड्यांचा डोंगर उभा केला! शाळेचा गाडीवाला उद्या तुझ्याच बाजूला, बैर-शेबाकडे निघाला आहे, तो पोहोचवील. माझं नाव कुणाला सांगू नकोस, म्हणजे झालं.

रिनाला पोटभर आशीर्वाद. माझ्या वाटची माया शंकरपाळ्यांत आहे, ती कमी पडणार नाही.

तुझी,
दया

डिमोना,
१३ फेब्रुवारी १९६४

ती. दयाताईस सा. न. वि. वि.

काय केलंस गो हे!

साखरपुडा छान झाला. तुझ्या पुड्या मी ताटात रचल्या, रिनाने घरोघर वाटल्या, पहिली ब्राखाबाईंना. कागदाकडे बघतो कोण? ठाण्याला आम्ही जन्मभर रद्दीतल्याच पुड्या सोडल्या. पण इथे कागद हिब्रू, आणि वाचणारे शेजारी! तो मिशनचा छापील प्रचार होता, दयाताई. येशूला शरण या, असं ठळक अक्षरांत. ब्राखाबाईंनी शंकरपाळे खाता खाता कागद सरळ केला आणि मोठ्याने वाचला. मी म्हटलं, नासरेथच्या मैत्रिणीने पाठवलंय. ते ऐकून तर त्या उठूनच गेल्या.

काल निरोप आला: आधी तुम्ही कोण ते ठरवा, मग लग्नाचं बोला. रिना जेवत नाही. अहरोन जिन्यात येऊन बसतो, आईला न सांगता.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. पण ते पटवू कुणाला? मला काही सुचत नाही, तूच सुचव.

फ्लोरा

नासरेथ,
१६ फेब्रुवारी १९६४

सौ. फ्लोरास सप्रेम सलाम वि. वि.

पत्र वाचलं. तुमची लिपी मला वाचता येत नाही. रद्दी दिसली की पुडी बांधायची, एवढंच ह्या हातांना कळतं. एलिझाबेथबाईंमार्फत मुलांना विचारलं, तुम्हाला हिब्रू वाचता येतं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाली, आम्हाला वाटलं बाई मुद्दामच करताहेत, तुमचं कामच ते!

मी बुधवारी येते. तू नको म्हटलंस तरी येते. चूक माझी, शब्दही माझेच हवेत. कार्यक्रम त्याच दिवशी आहे, पण सलमाच्या हाती झांज दिली आहे. ती म्हणाली, बाई, तुम्ही जा, आम्ही सांभाळतो. एवढीशी पोर, पण माझ्यापेक्षा शांत!

ब्राखाबाईंना फक्त इतकं कळव की पुड्या बांधणारी येते आहे.

दया

नासरेथ,
२० फेब्रुवारी १९६४

सौ. फ्लोरास सप्रेम सलाम वि. वि.

सुखरूप पोहोचले. येताना तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. बस सुटत होती आणि तू नुसती माझा हात धरून उभी. केस पांढरे झाले गं तुझे, आणि शोभतातही.

कालपासून एकच घोकते आहे: मी सगळं बिघडवलं का? चूक कबूल केली तोवर ठीक होतं. पण ब्राखाबाईंनी सरळ विचारलं, ह्या घरातल्यांनी ख्रिस्ती व्हावं असं तुला वाटतं की नाही? रिनाने ते मला मराठीत सांगितलं. नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. म्हणून सांगितलं, हो, वाटतं. फ्लोरासाठी तर देवाकडे रोज तेच मागते. होस्टेलात दोन वर्षं हिच्या मागे लागले, भांडले, रडले, चर्चला चल म्हणून हात धरून ओढलं. हिने शनिवारचा शब्बाथ सोडला नाही, उपास सोडला नाही, होस्टेलच्या मटणाला बोट लावलं नाही. मी हरले. पण जे सांगायचं ते तोंडावर सांगितलं, लेकरांच्या खाऊत दडवून नाही.

मग ब्राखाबाई पुष्कळ बोलल्या आणि रिना रडायलाच लागली. तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारायला धजले नाही. काय म्हणाल्या त्या? असेल तसं कळव.

इकडे मुलांनी कमाल केली. माझ्यावाचून आख्यान उभं केलं! मधे सलमा विसरली तर तो मामावाला पोरगा अरबीत गोष्ट पुढे नेत राहिला, तिला आठवेपर्यंत. पाहुणे उभे राहिले म्हणे. एलिझाबेथबाई सांगत होत्या आणि मला अभिमानाने रडू येत होतं. मला वाटायचं मी ह्यांना शिकवायला आले आहे!

शनिवारी, २९ तारखेला माझं विमान. तोवर एक ओळ तरी धाड. दोष दे, पण तोडू नकोस.

दया

डिमोना,
२४ फेब्रुवारी १९६४

ती. दयाताईस,
फ्लोराचे शालोम व सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात माणसं मावत नाहीत. लग्न ठरलं! पेसाखच्या सणानंतर बार उडवायचा.

ब्राखाबाई काय म्हणाल्या ते ऐक. आधी मला म्हणाल्या, ह्या बाईला खोटं बोलणं सोपं होतं आणि ती बोलली नाही, म्हणजे कागदाचंही खरंच सांगत असणार. मग रिनाकडे वळून म्हणाल्या, कचेरीने तुझ्या आईचा कागद दिला तरी माझी खात्री पटली नव्हती. पण परक्या गावात, एकटी पोर असताना, ही असली बाई दोन वर्षं मागे लागली आणि तुझी आई हलली नाही! आमच्यातल्या किती जणींनी एवढं केलं असतं? मला आता दुसरा दाखला नको. आणि उठून त्यांनी मला मिठी मारली. तू तेव्हा दाराबाहेर चपला घालत होतीस. मला वाटलं तुला कळलं असेल.

दयाताई, ज्या दोन वर्षांचा मला इतका वैताग यायचा, तीच माझ्या लेकीच्या कामी आली. तुझ्यासारखं धाडस माझ्यात नाही. मी तर तुला दारातच अडवलं होतं.

आता ये. पत्र मिळताच ये, दिवसाउजेडी, चारचौघांत. राहायचं मात्र ब्राखाबाईंकडे. त्यांनी पलंग काढून ठेवला आहे, माझं ऐकत नाहीत. तिथे झोपण्यापूर्वी प्रार्थना करशील तेव्हा माझ्यासाठी जे रोज मागतेस ते खुशाल माग. मी हलायची नाही.

तुझीच,
फ्लोरा