पराग्वेला गेलेला नारळ

बुधवार पेठ, पुणे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप जयाआत्यांस,

श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार (कमरेला पट्टा असल्यामुळे तूर्त लेखीच). तुमचे गुडघे, खडकवासल्याची हवा आणि शेजाऱ्यांशी चाललेला गच्चीचा वाद, तिन्ही ठीक असतील असं समजतो. मी बरा आहे, म्हणजे दुकान उघडतो आणि बंद करतो. फोन न करता पत्र का, असं विचाराल. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही दुसऱ्याचं उत्तर देता. पत्रात निदान तेवढी सोय नाही.

तर आपल्या कंटेनरची हकिकत. मकबूलभाई भवानी पेठेत उसाच्या रसाचे चरक बनवतात आणि ते मी विकतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इतकी वर्षं आमची मजल फार तर साताऱ्यापर्यंत होती. यंदा पराग्वेहून मागणी आली. हा देश नकाशात शोधायला मला चष्मा बदलावा लागला. दक्षिण अमेरिकेत आहे आणि त्याला समुद्रच नाही. माल आधी एका जहाजाने, मग दुसऱ्याने, आणि शेवटी नदीतून जातो. माणसं मात्र आपल्यासारखीच. ऊस पिकवतात, रस पितात आणि सरकारी कचेरीत रांगेत उभी राहतात. तिथल्या रमोनाबाईंना (वय साधारण तुमचंच, आवाजही) उन्हाळ्याआधी चरक हवे होते, आणि तिकडे उन्हाळा डिसेंबरात येतो. त्या आमचे चरक घेणार, आम्ही त्यांच्याकडचं चिया घेणार (सब्जासारखं बी, बारीक व्हायचं असलेले लोक भिजवून खातात आणि होत नाहीत). दोन देशांमधला व्यापार म्हणतात तो हाच. वर्तमानपत्रात त्यासाठी मंत्री हस्तांदोलन करताना दिसतात. प्रत्यक्षात मी आणि मकबूलभाई खोक्यांवर दोऱ्या आवळत असतो.

कंटेनर भरला त्या दिवशी आपण रिक्षा करून कारखान्यात आलात. चरकांना हळदकुंकू लावलंत, अक्षता उधळल्यात, आतल्या कडीला लिंबू-मिरची टांगलीत, इथवर मी समजू शकतो. पण नारळ इथे वाढवायचा नाही, तो मालाबरोबर जाऊ दे, माल सुखरूप उतरला की तिथल्या मालकिणीने वाढवावा, ही कल्पना सर्वस्वी आपली. मी काही बोललो असतो, पण तुमच्यापुढे बोलायची आपल्या घराण्यात पद्धत नाही. मकबूलभाईंनी तर नारळ गडगडू नये म्हणून तो सुतळीने बांधून दिला. मग दार लागलं आणि मी निर्धास्त झालो (माझी अक्कल).

तिकडे दार उघडलं तेव्हा आधी चिलटं बाहेर आली म्हणे. परदेशातली भाजी, फळं, बी-बियाणं कीड घेऊन येतात म्हणून ती तपासणारं एक खातं सगळ्या देशांत असतं. त्या खात्याच्या साहेबांनी कंटेनर अडवला. यादीत फक्त यंत्रं, आणि आत एक नारळ, एक वाळलेलं लिंबू, बऱ्याच मिरच्या आणि सर्वत्र तांदूळ. प्रश्न येऊ लागले. नारळ विक्रीसाठी आहे की नमुना म्हणून? मिरच्या यंत्राचा सुटा भाग आहेत काय? चरकाला घुंगरू लावण्यामागे तांत्रिक कारण काय? आता घुंगरांशिवाय रस निघतो पण गिऱ्हाईक येत नाही, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

उत्तरं स्पॅनिशमध्ये धाडायची होती. मकबूलभाईंची मुलगी अलफिया खराडीला कंपनीच्या कामासाठी ती भाषा शिकली आहे, तिला बसवलं. ‘काका, कंपनीत मला सर्व्हर बंद पडला एवढंच लिहावं लागतं,’ असं म्हणत तिने लिहिलं. आश्चर्य म्हणजे दृष्ट लागण्याला त्यांच्याकडे तयार शब्द निघाला. साहेबांनी लगेच कळवलं की दृष्ट त्यांना मान्य आहे, मिरची नाही. इकडे मकबूलभाई जेवेनात. उन्हाळा हुकला असता तर रमोनाबाईंनी पुन्हा मागणी केली नसती, आणि त्या मागणीच्या भरवशावर मकबूलभाईंनी कारखान्याला कुलूप लावणं लांबवलं होतं. हे ते मला कधी बोलले नाहीत, अलफिया बोलली. आत्या, त्या आठवड्यात तुमच्या नारळाला मी मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

शेवटी रमोनाबाई स्वतः बंदरावर जाऊन बसल्या. साहेब बाहेर येईपर्यंत हलल्या नाहीत, आणि आल्यावर त्यांना हलू दिलं नाही. कंटेनरला औषधाची धुरी दिली, नारळ रीतसर पंचनामा करून जाळला, आणि चरक सुटले. ऐन उन्हाळ्यात ते घुंगरांसकट सुरू आहेत. रमोनाबाईंनी दुसरी मागणीही नोंदवली. इथे पत्र संपायला हवं होतं.

पण अलफियाने त्यांना नारळाचा अर्थ नीट समजावून सांगितला होता. बाईंना वाटलं, माल पाठवताना त्यात काही शुभ घालणं ही आपल्या देशाची रीतच आहे, आणि रीत पाळली नाही तर आम्हाला वाईट वाटेल. त्यांच्या चर्चमध्ये मंतरलेली ताडाच्या पानांची वेणी लोक दाराला लावतात. ती त्यांनी चियाच्या कंटेनरला आतून बांधली. तो कंटेनर गेल्या आठवड्यात न्हावा शेवा बंदरात उतरला आणि आपल्याकडच्या त्याच खात्याच्या साहेबांनी अडवला. यादीत पान नाही. आयात आणि निर्यात अखेर समसमान झाली.

साहेब म्हणतात, माल परत पाठवा. ज्या बाई माझ्या नारळासाठी बंदरावर उन्हात बसल्या त्यांचा माल मी परत पाठवू? मला लाज वाटते, आत्या. मी अर्ज केला. ज्या माणसाने जन्मात देवाचं साधं निमित्त करून सुट्टी घेतली नाही, त्याने पानाच्या पावित्र्यावर मजकूर लिहिला. साहेबांनी तो वाचून जांभई दिली. त्यांचं काही चुकलं नाही. लिहिताना मलाही आली होती.

आता थकलो. मुलांना आशीर्वाद, तुमच्या मांजराला नाही.

आपला,
श्रीनिवास

ता. क. : गुरुवारी साहेबांनी पुन्हा बोलावलंय. गाडी सकाळी तुमच्या दारात येईल, माझ्याबरोबर न्हावा शेवाला चला. त्या पानाचा उपयोग काय, असं ते विचारतात. हे सांगायला ते पटलेलं माणूस लागतं. पान जाळा, धुरी द्या, पण माल सोडा, एवढंच म्हणायचं आहे. तुम्ही बोलायला लागलात की साहेब सही करूनच सुटतील. मध्ये बोलणार नाही, शब्द देतो.

आणखी एक : दुसरा कंटेनर शुक्रवारी भरून होईल. मकबूलभाई म्हणतात, पहिला पोहोचला तो आत्यांमुळे, त्या आल्याशिवाय दार लावणार नाही. मी वाद घातला नाही. येताना काहीतरी आणा. पितळेचं, काचेचं, कसलंही चालेल. फक्त उगवणारं नको.