कोचच्या कानात थंडोबा काय सांगतो

सोमवार, ३ तारीख
बास्केटबॉलची मॅच, पंच मी. निळ्या टीमच्या कोचला दोन टेक्निकल फाउल देऊन हॉलबाहेर काढला. चौथ्या मिनिटालाच. वचक बसवायचा तर असा. जाताना दारातून म्हणाला, शिट्टी वाजवतोस की कुकर लावलायस. लोक हसले. लोकांना खेळातलं कळत नाही.

पुढच्या मॅचला थंडोबा पंच. कधी तापत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलंय. माझ्याच बॅचचा, पंचांच्या परीक्षेत माझ्यापेक्षा दोनच मार्क जास्त. त्याच्यावरही हिरव्या टीमचे कोचकाका धावून आले. हा हात मागे बांधून जवळ गेला आणि कानात काहीतरी पुटपुटला. काका मान डोलावून गपगार खाली बसले. काय सांगतो कोण जाणे. वशिला असणार.

सोळाला फायनल. मुख्य पंच आमचे मोठे सर, दुसरा पंच आमच्या दोघांतला एक, तो सरच निवडणार. हे सांगताना सर माझ्याकडे बघत होते.

मंगळवार, ४
संकल्प: रोज नियमपुस्तकाची दहा पानं. पहिल्याच पानावर कोर्टाची मापं. आत्याच्या हॉलमध्ये कोर्टाचा कितवा भाग बसतो ते मोजायला घेतलं. सोफा सरकवला, त्याचा पाय निघाला. तो बसवण्यात संध्याकाळ झाली. आत्या म्हणाली, चार शहरं फिरलास, तीन कोर्स सोडलेस, निदान सोफ्याचा पाय तरी सोडू नकोस.

शुक्रवार, ७
थंडोबाच्या मॅचला कोचकाकांच्या मागे बसून बुटाची लेस बांधली. अख्खा क्वार्टर बांधली. शेवटी ऐकू आलं. काका म्हणाले, अरे तो सात नंबर ढकलतोय. हा म्हणाला, कुठे काका, कमरेला का? मी त्याच्या पाठीमागे होतो, दिसलं नाही. आता लक्ष ठेवतो.

बस, एवढंच. स्वतःला दिसत नाही हे कबूल करतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. नंतर सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तर म्हणाला, प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, टोमणा मारला तर कानामागे टाकायचा. आपलं कोणी ऐकून घेतलं एवढंच त्यांना हवं असतं.

मोठा आला शहाणा. हे मलाही सुचलंच असतं.

सोमवार, १०
थंडोबाची युक्ती सुधारून वापरली. एका मॅचमध्ये नऊ वेळा म्हणालो, दिसलं नाही. तिसऱ्या क्वार्टरला निळ्यांच्या कोचने स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात ठेवला. हा प्रश्न की टोमणा, ठरेना. म्हणून घालून पाहिला. लांबचं खरंच स्वच्छ दिसतं.

मोठे सर स्टँडमध्ये बसून वहीत लिहीत होते. पानभर लिहिलं. चांगलंच असणार, वाईट असतं तर एका ओळीत उरकलं असतं.

गुरुवार, १३
फायनलला थंडोबा. मला टेबलवर चोवीस सेकंदांचं घड्याळ. बॉल हाती आला की टीमने तेवढ्यात बास्केटवर टाकायचा, नाहीतर भोंगा. म्हणजे एकेक सेकंद माझ्या हातात. हे काम त्याला झेपलं नसतं. आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो ना, आणि पुढ्यात गरम जेवण ठेवलं. एरवी स्वतः वाढून घे म्हणते.

मी जळत वगैरे नाही. त्याची शिट्टी मात्र माझ्यापेक्षा महागातली आहे, हे नोंदवून ठेवतो.

रविवार, १६, संध्याकाळ
थंडोबाने तीन फाउल सोडले. पहिला मी शेजारी स्कोअर लिहिणाऱ्या ताईंना सांगितला. त्या म्हणाल्या, घड्याळाकडे बघा. दुसऱ्याला टेबलवर हात आपटला. तिसऱ्याला कधी उभा राहिलो आणि काय काय ओरडलो, नीट आठवत नाही. बॉल हिरव्यांकडे गेला होता, घड्याळ नव्याने लावायचं राहिलं. भलत्याच वेळी भोंगा वाजला. खेळ थांबला. सगळा हॉल माझ्याकडे.

थंडोबा हात मागे बांधून टेबलापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, कुठे लागलं रे त्याला, मनगटावर का? मी पाठीमागे होतो, दिसलं नाही. आता लक्ष ठेवतो.

इतकं बरं वाटलं. मी मान डोलावली आणि खाली बसलो.

बाजूच्या बेंचवरून कोचकाका माझ्याकडे वाकले. म्हणाले, आमचंही असंच होतं रे.