खुनांचं कपाट आणि चरित्रांचं रजिस्टर

प्रिय धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा काहीच म्हणत नाही, कारण त्याचं ऐकायला मला सवड नाही. पत्र आनंदात लिहायला घेतलं होतं (नातवाला दात आला, आणि पहिल्याच दिवशी तो मला चावला), पण आमच्या वाचनालयाने डोकं उठवलं आहे.

मी चौथीत शाळा सोडली हे तू जाणतेसच. वाचायला शिकले ती खुनांमुळे. रहस्यकथेत जोडाक्षरापाशी अडून चालत नाही, पुढे मुडदा असतो. आणि कारागिरी म्हणशील तर, खुनी तिसऱ्या पानावर पाण्याचा पेला देऊन जातो आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही. मी जन्मभर शिवणकाम केलं, तेव्हा सांगते, टाका दिसू न देणं सोपं नसतं. पण हे चारचौघांत कबूल कोण करणार? सूनबाई कॉलेजात साहित्य शिकवते (नाक मुरडते ते वेगळंच). म्हणून जुन्या ग्रंथपालांना म्हटलं, भाऊ, पुस्तक खुनाचं द्या, पण कार्डावर आणि रजिस्टरात कुणातरी थोर माणसाचं चरित्र लिहा. भला माणूस, लिहायचा. मला वाटलं, ही युक्ती माझी एकटीचीच.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. नव्या ग्रंथपालबाईंनी सहा वर्षांचं रजिस्टर चाळून जाहीर केलं की रहस्यकथा इथे कोणीच नेत नाही, ते कपाट रद्दीत घालू आणि चरित्रांची आणखी दोन आणू. म्हणजे बघ, दाताची डॉक्टरीण, बँकेतली कॅशियर, वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर (मला पाहिलं की पुस्तक पिशवीत ढकलायचे), सगळेच सहा वर्षं माझ्यासारखेच रजिस्टरात चरित्रं नेत होते. मी बाईंना म्हटलं, अगं, पुस्तकांचे कोपरे तरी बघ, खुनांचे झिजलेत, चरित्रं कोरी करकरीत आहेत. तर म्हणते, "आजी, मी रजिस्टरवर चालते, कोपऱ्यांवर नाही." आता रविवारी सभा आहे. एका तरी सभासदाने उभं राहून सांगायचं की मी हे वाचतो, नाहीतर सोमवारी रद्दीवाला. हेडमास्तरांना विचारलं, तर रविवारी त्यांची कंबर धरणार आहे म्हणे. आजच कळलं त्यांना.

तुझी,
थोरली

ता. क. तुझ्या गुडघ्यासाठी मी दोन पानं लिहिणार नाही, हे तू ओळखलंच असशील. रविवारी तू ये आणि उभी राहा. तुला इथे कोणी ओळखत नाही. सभासदाचं कार्ड मी तुझ्या नावाने काढून ठेवलं आहे. मी मागे बसून टाळ्या वाजवीन.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि सूनबाईने वाचलं. म्हणाली, सभेत मी बोलते, आणि कपाटाच्या बाजूने बोलते. वर जाताजाता म्हणाली, "आणि आई, तुमच्या उशीखालच्या पुस्तकातल्या त्या कंपाउंडरवर संशय घेऊ नका, तो नुसता घाबरट आहे." एकशे चाळीस पानं मी त्या मेल्यावर पाळत ठेवून होते गं.