परत येण्याच्या हेतूने

मी, केसिया नॅपियर, वय एकतीस, बॉयलर तपासणीचे काम करणारी अभियंता, राहणार स्टिलहाउस फोर्क, केंटकी राज्य, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतः लिहीत आहे. परवा सिनसिनाटीला फुप्फुसांची शस्त्रक्रिया आहे. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. याआधी एकही नव्हते, पण तसे लिहितात.

एक. घर, मागचे रान आणि माझी मोजमापाची हत्यारे बहीण रोएना हिला. पितळी दाबमापक जरा जास्त दाब दाखवतो. तसे त्याच्या पाठीवर कोरून ठेवले आहे.

दोन. बिडाचा तवा शेजारच्या नेवा मावशींना द्यायचा होता. त्या साक्षीदार म्हणून सही करणार, तेव्हा त्यांना काही देता येत नाही. “म्हणजे सहीही मीच करायची आणि तवाही गेला?” असे त्यांचे म्हणणे. तवा रोएनाला.

तीन. लाकूड गिरणीचा बॉयलर फुटून माझी फुप्फुसे भाजली. गिरणी जॉर्जियाच्या लोकांची, मी केंटकीची. दोन पक्ष दोन राज्यांतले म्हणून माझे वकील हेन्सली यांनी दावा राज्याच्या कोर्टाऐवजी केंद्राच्या, म्हणजे फेडरल कोर्टात नेला. ज्यूरीने निकाल माझ्या बाजूने दिला. अपिलात निघाले की गिरणीचा एक छोटा भागीदार केंटकीचा आहे. अशी भागीदारांची कंपनी कुठे नोंदली हे कोर्ट बघत नाही. भागीदार जिथले, तिथली ती, म्हणून गिरणीही केंटकीची ठरली. म्हणजे फेडरल कोर्टाला माझा दावा ऐकण्याचा अधिकारच नव्हता, आणि तो दोन्ही पक्षांच्या संमतीनेही मिळत नाही. निकाल रद्द झाला.

तो भागीदार माझा मामा, व्हर्जिल स्टेसी. त्याच्या जंगलाच्या बदल्यात गिरणीने त्याला हिस्सा दिला होता. सुनावणीला तो रोज माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि सुट्टीत मला अर्धे सँडविच द्यायचा.

“मामा, सांगितलं का नाहीस?”

“विचारलं का कोणी? तुझ्या त्या टायवाल्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

विचारायला हवे होते. ही चूक हेन्सली यांची.

चार. दावा आता मुदतीत इथल्या काउंटी कोर्टात, म्हणजे राज्याच्या कोर्टात, पुन्हा दाखल केला आहे. मी नसले तर रोएनाने तो चालवावा. ती ऑरेगॉनला राहते म्हणून पुन्हा फेडरल कोर्टात जाता येईल, असे कोणी सुचवेल. येणार नाही. मेलेल्याचा प्रतिनिधी मेलेल्याच्याच राज्याचा धरतात. पहिला साक्षीदार म्हणून मामाला बोलवावे. बॉयलरची जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडप तारेने बांधून ठेवलेली त्याने पाहिली होती. हे तो माझ्या स्वयंपाकघरात बोलला आहे. कोर्टात अजून बोललेला नाही.

पाच. वडिलांची शिकारीची बंदूक मामाला द्यायची होती. दिली तर साक्ष विकत घेतली असे गिरणीवाले म्हणतील. म्हणून मामाला काहीही नाही. बंदूक रोएनाला. निकाल लागल्यावर तिने ती कोणाला द्यावी, हे मी लिहीत नाही.

सहा. उपचारांसाठी सिनसिनाटीत खोली भाड्याने घेतली आहे. ते ओहायो राज्य. मी ओहायोची झाले होते असे ठरले, तर दोन्ही पक्ष पुन्हा वेगळ्या राज्यांतले होतील, गिरणी दावा परत फेडरल कोर्टात ओढू पाहील आणि सगळे पहिल्यापासून. त्यांच्या वकिलाने खोलीच्या मालकिणीकडे चौकशी केलीच आहे. म्हणून साक्षीदारांसमक्ष लिहिते. माणूस कुठला, हे तो कुठे झोपतो यावर नाही, कुठे परतायचे त्याच्या मनात आहे यावर ठरते. त्या खोलीत मी एक खुर्चीही नेलेली नाही. इथली वीज चालू आहे. परसात घेवडा लावला आहे, त्याच्या शेंगा तोडायला मी लागेन. मी केंटकीची आहे. परवा ओहायोत जाते ती परत येण्याच्या हेतूने.

सही: केसिया नॅपियर
स्टिलहाउस फोर्क, १४ मे २०२४

आम्हा दोघांदेखत सही झाली:
नेवा कोलिन्स, शेजारीण
ओटिस ब्रॅशिअर, टपाल वाटणारा